दुप्पट वेगातलं इंग्रजी

आवाजाच्या चाचणीत मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा मी फार मराठी वाचलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा फार इंग्रजी वाचलं म्हणून. पुस्तक दोन्ही वेळा इंग्रजीच होतं.

सिंगापूरला, क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावर, अंध लोकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी एक लहानशी संस्था होती. दोन खोल्या आणि मधे जाड काच. आतल्या खोलीत माईकसमोर वाचणारा, बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून तपासणारा. आमच्या कंपनीने त्या वर्षी प्रत्येकाला काही तास समाजकार्य करायला सांगितलं होतं. बाकीची मंडळी समुद्रकिनारा साफ करायला गेली. मी अकाउंट्सवाली. उन्हात बाटल्या वेचण्यापेक्षा एसीत बसून वाचणं बरं, असा सरळ विचार करून मी नाव दिलं. पुंगोलहून शनिवारी सकाळी निघायचं, एलआरटीच्या छोट्या गाडीने मेट्रोचं स्टेशन गाठायचं, औट्रम पार्कला गाडी बदलायची. प्रवासात आठवड्याच्या भाजीची आणि बिलांची यादी उरकायची. सगळं बसवून झालं होतं. फक्त वाचायला कुणी देत नव्हतं.

संस्था चालवणाऱ्या बाई सत्तरीला टेकलेल्या, रेडिओवर इंग्रजी बातम्या वाचण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. कोणत्याही नव्या माणसाची चाचणी त्या स्वतः घेत. मला त्यांनी झाडांच्या रोगांवरचं एक पान दिलं आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या.

सांगलीला शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेतली हुकमी खेळाडू होते. तालुक्याची ढाल दोन वर्षं आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाटावर होती. त्यामुळे माईक समोर आला की माझी छाती आपोआप पुढे येते. मी सुरुवात केली. जिथे पानांवर बुरशी धरते तिथे आवाज खाली आणला, क्षणभर थांबले, आणि जिथे मुळं कुजतात तिथे तो चढवला. एक हातही वर गेला असावा.

स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला. "थांब. पानाला बुरशी लागली आहे. देशावर संकट आलेलं नाही."

"सॉरी, मॅडम."

"आणि हात कुणाला दाखवतेस? ऐकणाऱ्याला दिसत नाही. मला दिसतोय, आणि मला भीती वाटतेय."

मी घरी आले आणि कामाला लागले. सांगलीहून पुण्याला कॉलेजला गेले तेव्हा पहिल्या सत्रातच माझं मराठी मी धुऊन, इस्त्री करून घेतलं होतं. वर्गातल्या मुली हसायच्या ते शब्द बाजूला ठेवले, हेल सपाट केले. जे मराठीचं करता येतं ते इंग्रजीचं का नाही करता येणार? ब्रिटिश निवेदकांच्या बातम्या रोज ऐकायच्या आणि त्यांच्या मागून म्हणायच्या, असा मी नेम केला. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, लिफ्टची वाट बघताना.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, इथल्याच शाळेत शिकणारी. ती दाराशी उभी राहून, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडत म्हणाली, "आई, व्हाय यू टॉक लाइक दॅट? सो फेक लाह."

"सराव करतेय."

"प्लीज, माझ्या शाळेत पेरेंट्स मीटिंगला बाबालाच पाठव."

नवरा बुओना व्हिस्टाला एका संशोधन संस्थेत सॉफ्टवेअरचं काम करतो. तो लॅपटॉपमधून मान न उचलता म्हणाला, "करू दे गं तिला. आणि तू फक्त एक कर," हे मला, "चहा हवा असेल तेव्हा मराठीत सांग. मघाशी तू काय मागितलंस ते मला कळलंच नाही."

दुसऱ्या चाचणीला मॅडमनी पूर्ण पान वाचू दिलं. मला वाटलं, जमलं. त्या काचेमागून उठून आत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"पहिली तीन वाक्यं तू लंडनमध्ये होतीस. चौथ्या वाक्याला विमानात बसलीस. शेवटच्या परिच्छेदात घरी पोचलीस. घर कुठे तुझं?"

"सांगली."

"हां. सांगलीला पोचलीस. ऐकणाऱ्याला वाटेल, एका पानात तीन बायका वाचतायत."

माझी निराशा चेहऱ्यावर दिसली असणार. कारण त्यांनी मला खालच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफी प्यायला नेलं. तिथे त्यांनी दुकानदाराला जी ऑर्डर दिली, ती ऐकून मी थक्क झाले. रेडिओवरची ती रेशमी बाई कुठे गेली कळेना. "अंकल, कॉफी टू, वन लेस शुगर, क्विक लाह, माय फ्रेंड हार्ट पेन!" दुकानदार हसला, त्याच्याशी त्या होक्किएन या चिनी बोलीत आणखी काहीतरी बोलल्या, आणि माझ्याकडे वळताना पुन्हा बातम्यांचा आवाज लावला.

"मला तीन तोंडं आहेत," त्या म्हणाल्या. "एक आईशी बोलायचं, एक बाजारातलं, एक माईकचं. तिसरं मला कमवावं लागलं. मी नोकरीला लागले तेव्हा आमचा प्रमुख इंग्रज होता. माझं प्रत्येक वाक्य तो टेपवर पुन्हा ऐकवायचा. एकेका शब्दाने रडवलंय त्याने मला. पाच-सहा वर्षांनी माझं बोलणं त्याच्यासारखं झालं, आणि मग काळ बदलला. नवे साहेब आले. ते म्हणाले, आता देश आपला आहे, इतकं विलायती नको, लोकांना आपलं वाटेल असं बोला. मग पुन्हा थोडं उतरवलं. दोन्ही वेळा वर्षं गेली. आणि तू भांडी घासता घासता महिन्याभरात करायला निघालीस."

"मग मी काय करू?"

"ऐक. वाचणारे पुष्कळ आहेत. नीट ऐकणारं कुणी नाही."

म्हणून मला बाहेरच्या खोलीतली खुर्ची मिळाली. कान लावून तपासायचं काम. पुस्तक समोर उघडं ठेवायचं, आतला माणूस वाचतो ते ओळीनुसार पडताळायचं, चूक झाली की बटण दाबून सांगायचं: अमुक पान, अमुक ओळ, हा शब्द असा हवा. आतला माणूस ते वाक्य पुन्हा वाचतो. नंतर कॉम्प्युटरवर बसलेला स्वयंसेवक माझे व्यत्यय कापून टाकतो आणि स्वच्छ फाइल तयार होते.

हे काम मला मनापासून आवडलं. चुका शोधण्यासाठीच माझा जन्म आहे, असं ऑफिसात सगळे म्हणतात. त्या खुर्चीत बसून मी इतक्या तऱ्हांचं इंग्रजी ऐकलं की टीव्हीवरचं इंग्रजी मला एकसुरी वाटायला लागलं. ग्लासगोचे एक निवृत्त जहाज-इंजिनियर होते. त्यांचा 'र' जिभेवर भोवऱ्यासारखा फिरायचा. माईकसमोर ते मुद्दाम मऊ वाचायचे, पण मजकुरात वादळ आलं की 'र' सुटायचाच. एक ऑस्ट्रेलियन शिक्षिका होती. तिच्या तोंडून 'डे' नेहमी 'डाय'च्या दिशेने निघायचा आणि ती तो कान धरून परत आणायची. इथल्याच एका चिनी मास्तरांना शब्दाच्या शेवटचं अक्षर सोडून द्यायची सवय होती, म्हणून ते प्रत्येक शेवटच्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ मारून यायचे. मॅडम कुणालाच 'लंडनसारखं बोल' म्हणत नसत. ज्या ठिकाणी ऐकणारा अडखळेल तेवढंच दुरुस्त करायचं, बाकी तुमचं गाव तुमच्यापाशी. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. बटण दाबता दाबता कळलं.

मग शरीरशास्त्राचं पुस्तक आलं.

ते मागवणारी मुलगी तिशीतली, मलय, लहानपणीच दृष्टी गेलेली. एका मॉलमध्ये पायांचा मसाज करायची. खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणाऱ्या एका क्लिनिकने तिचे हात बघून तिला घ्यायची तयारी दाखवली होती. अट एकच: हाडं आणि स्नायूंची तोंडी परीक्षा पास होणं. एकदा ती नापास झाली होती. क्लिनिकने सांगितलं होतं, पुढच्या परीक्षेपर्यंत जागा राखून ठेवू, त्यापुढे नाही. कॉम्प्युटरचा यांत्रिक आवाज साधी वाक्यं बरी वाचायचा, पण लॅटिन नावं आली की त्याची बोबडी वळायची. म्हणून तिला माणसाने वाचलेलं पुस्तक हवं होतं. वेळ कमी, म्हणून मॅडमनी ते स्वतःच वाचायला घेतलं.

तपासायला मी. लॅटिन मला येत नव्हतं, पण तयारी न करता मी कुठे जात नाही. इंटरनेटवर प्रत्येक स्नायूच्या नावाचा उच्चार ऐकायचा आणि पुस्तकाच्या समासात तो देवनागरीत, तोडून तोडून लिहून ठेवायचा: स्टर्-नो-क्लाय-डो-मास्-टॉइड. देवनागरीत एकदा लिहिलं की पुढे प्रश्न राहत नाही. मॅडम भराभर वाचायच्या, लांब नावांत कुठेतरी घसरायच्या, मी बटण दाबून माझ्या समासातला उच्चार सांगायची, त्या पुन्हा वाचायच्या.

पहिली दोन प्रकरणं तिला पाठवली आणि पुढच्याच शनिवारी, आम्ही बसलो असताना, ती पांढरी काठी टेकत दारात उभी राहिली. काही न विचारता म्हणाली, "मधे मधे ओरडते ती इंडियन काक कुठेय?"

काक म्हणजे मलय भाषेत ताई. माझ्या मराठी कानाला आधी कावळाच ऐकू आला.

मॅडमनी हेडफोन काढला. "कोण ओरडते?"

"फाइलमध्ये आहे ना. तुम्ही वाचता, मग ती म्हणते, पान अमुक, ओळ अमुक, आणि ते नाव सांगते."

मग उलगडा झाला. कापून स्वच्छ केलेल्या फाइलऐवजी कच्ची फाइल गेली होती, माझ्या सगळ्या व्यत्ययांसकट. कॉम्प्युटरवरचा स्वयंसेवक कपाळाला हात लावून बसला. मी माफी मागायला उठले.

"नाही, नाही," ती म्हणाली. "कापू नका. तेवढंच मला कळतंय."

मॅडमच्या समोर हे बोलायला हिंमत लागते.

तिने फोन काढला. "मी पुस्तक दुप्पट वेगाने ऐकते. कधी त्याहून जास्त. आम्ही सगळेच तसं ऐकतो. नाहीतर तुम्ही डोळ्यांनी पान वाचता तेवढ्यात आमचं अर्धं वाक्यही होत नाही. हे ऐका."

तिने फाइल तिच्या वेगाने लावली. मॅडमचा तो सुंदर, वळणदार आवाज एक गुंजन होऊन गेला. वाक्याच्या सुरुवातीचा शब्द ठळक, मधला एखादा ठळक, बाकी सगळं वाहून गेलेलं. कोपराखालच्या हातात दोन स्नायू असतात, ज्यांची नावं सारखीच, फक्त शेवटच्या शब्दाने वेगळी: एक लाँगस, एक ब्रेव्हिस. मॅडमच्या वाचनात तो शेवटचा शब्द खाली उतरत उतरत जमिनीत मुरत होता. आणि मग मधेच मी. दुप्पट वेगाने माझा आवाज शिवणयंत्रासारखा येत होता, पण टाका न् टाका मोजता येत होता. एक्स-टेन-सर-कार-पाय-रे-डि-आ-लिस-ब्रे-व्हिस.

"पुन्हा लाव," मॅडम म्हणाल्या.

तिने पुन्हा लावलं.

"माझं 'लाँगस' कुठे गेलं?"

"तेच मी शोधतेय, मॅडम. आठवडाभर."

मॅडमनी हातातला हेडफोन खाली ठेवला. "जन्मभर मी शिकले की महत्त्वाचा शब्द उचलायचा आणि बाकीचे हलकेच सोडून द्यायचे. इंग्रजी असंच बोलायचं असतं. त्या इंग्रज साहेबाने मला तेच शिकवलं."

"मॅडम, तुमचा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे," ती मुलगी म्हणाली. "घरी रोज तुमच्याच बातम्या लागायच्या. पण बातमीतला एखादा शब्द निसटला तर मी नापास होत नव्हते."

मॅडम आधी हसल्या, मग खोकल्या, मग माझ्याकडे वळल्या. "ऊठ. आत जा."

असं मला माईकसमोर बसायला मिळालं. पण मी एक पान वाचलं, तिने ते दुप्पट वेगाने ऐकलं, आणि मान हलवली.

"काक, अक्षरं सगळी आहेत. पण तू थांबतच नाहीस. एक स्नायू कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते मला कळत नाही. उद्या माझ्या पेशंटला कळेल. त्याला दुखेल."

"शिवाय तुझा 'प' माईकवर थापडा मारतो," मॅडम म्हणाल्या. "आणि प्रश्न असो, उत्तर असो, यादी असो, सगळं एकाच सुरात. रेल्वेची घोषणा बरी."

हे खरं होतं. आम्हा मराठी माणसांच्या इंग्रजीत प्रत्येक अक्षराला सारखं ताट वाढलेलं असतं, कुणी पाहुणा नाही, कुणी घरचा नाही. त्याचा इथे फायदा होता. पण पंगतीत दोन पानांमध्ये जागा तर सोडायला हवी ना.

मॅडमनी तोंड माईकपासून किंचित तिरपं धरायला शिकवलं, म्हणजे 'प' आणि 'फ'ची हवा बाजूने जाते. थांबे मात्र त्यांना शिकवता येईनात. रेडिओवरचे थांबे अर्थाप्रमाणे येतात, कधी लांब, कधी आखूड. दुप्पट वेगात आखूड थांबा जाणवतच नाही. मी दोन-तीनदा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी तिने मान हलवली. परीक्षा जवळ येत होती आणि दोन प्रकरणांपलीकडे पुस्तक सरकत नव्हतं. मॅडमनी पहिल्यांदाच घड्याळाकडे बघितलं.

तेव्हा मला मंडळाची आवर्तनं सुचली. इथल्या मराठी मंडळात गणेशोत्सवात आम्ही पन्नास-साठ जण हॉलमध्ये बसून एकाच स्तोत्राची आवर्तनं करतो, आणि पुढे बसून ती चालवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवात संथ, मग लय चढत जाते, शेवटी शेवटी तर वाऱ्यासारखी. पण नियम कडक. कितीही वेग आला तरी एक अक्षर खायचं नाही, आणि श्वास घ्यायचा तो ठरलेल्या जागीच, सगळ्यांनी मिळून, सारख्याच मापाचा. अर्थासाठी कुणी थांबत नाही. जागा ठरलेली असते म्हणून थांबतात. कुणी मधेच श्वास चोरला की मी झांज वाजवते.

"एक मिनिट," मी म्हणाले, आणि काही विचार न करता त्या स्तोत्राचं एक आवर्तन चढ्या लयीत म्हणून टाकलं. मॅडम बघत राहिल्या. ती मुलगी मात्र फोन पुढे करून रेकॉर्ड करत होती. तिने ते लगेच दुप्पट वेगाने लावलं आणि मोठ्याने हसली.

"हे कळतंय! म्हणजे अर्थ नाही कळत, पण कुठे काय संपलं ते कळतंय. असंच हाडांचं म्हण, काक."

"हे पहिल्याच दिवशी का नाही म्हटलंस?" मॅडमनी मला झापलं.

"तुम्ही इंग्रजी मागितलं होतंत."

"आगाऊ आहेस."

त्या दिवशी पद्धत ठरली. आधी नाव, मग श्वास. तो स्नायू कुठून निघतो, श्वास. कुठे जाऊन चिकटतो, श्वास. काय काम करतो, आणि दोन श्वास. जागा बदलायची नाही, माप बदलायचं नाही. समासात मी प्रत्येक थांब्याला उभी रेघ मारली. आवर्तनासारखी लय लागली की प्रकरणं सरसर जाऊ लागली. मॅडम बाहेरच्या खुर्चीत बसल्या, त्यांनी बटणावर बोट ठेवलं, आणि अकाउंट्सवाल्यांनाही लाजवील इतक्या काटेकोरपणे माझ्या चुका काढल्या.

शनिवार पुरेनात म्हणून संध्याकाळी मी अलेक्झांड्राच्या ऑफिसातून चालत स्टुडिओत जाऊ लागले. रजेचे काही दिवसही घेतले. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हणाले, "खांद्याचं प्रकरण आहे." त्यांनी काळजीने डॉक्टरचं नाव सुचवलं. खिडकीबाहेर कोकीळ बसायचा. सिंगापूरचे कोकीळ पहाटेपासून कोकलतात आणि कुणाचं ऐकत नाहीत. तो ओरडला की वाक्य पुन्हा. समोर नवीन इमारतीसाठी खांब ठोकायचं काम सुरू झालं तेव्हा आम्ही ठोक्यांमधल्या फटीत वाचायला शिकलो.

प्रत्येक प्रकरण तयार झालं की तिच्या फोनवर जायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा.

"काक, पुढचा स्नायू आणि मागचा, दोन्ही एकाच चालीत म्हणतेस. मागचा जरा खाली म्हण."

"बरं."

"आणि मांडीच्या प्रकरणात तू थकली होतीस. ऐकू येतंय."

"ऑफिसात ऑडिट आहे गं."

"माझी परीक्षा आहे. पाणी पी."

घरीही हाडं शिरली. नवरा मान आखडली की स्नायूच्या नावानिशी तक्रार करू लागला. मुलगी एका रविवारी माझ्या वाचनाची फाइल दुप्पट वेगाने ऐकून म्हणाली, "ओके लाह. धिस वन नॉट फेक." पेरेंट्स मीटिंगला मला परत घेण्यात आलं.

शेवटचं प्रकरण, पावलाचं, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात गेलं. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी स्वतःला सांगितलं, अभ्यास करत असेल. मॅडम रोज विचारायच्या, "काही कळलं?" मी म्हणायची, "नाही." परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसात एकच रकाना परत परत तपासत बसले होते.

दुपारनंतर फोन वाजला.

"काक?"

"बोल."

"तीनदा त्याने मला थांबवलं."

"चुकलीस?"

"चुकले नाही! मी फार भरभर म्हणत होते. ऐकलं तसंच पाठ झालंय ना, दुप्पट वेगाने. परीक्षक म्हणाला, प्लीज, स्लो डाउन, मला लिहून घेता येत नाही. मग मी त्याला तुझ्यासारखे थांबे देऊन सांगितलं. नाव, श्वास. कुठून, श्वास. कुठे, श्वास. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं आणि नुसता ऐकत बसला."

"निकाल?"

"तिथल्या तिथे दिला. पास, काक! पास! क्लिनिकला फोन केला मी. सोमवारपासून यायला सांगितलंय."

"पास झाली!" मी ओरडले, मराठीत, उभी राहून, आमच्या त्या शांत, काचेच्या ऑफिसात. सगळ्या माना वळल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि विचारू लागले, "खांदा बरा झाला का?" मी म्हणाले, "पूर्ण." आणि जिन्यात जाऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी फक्त "येस!" म्हटलं, आणि मग बराच वेळ नाक शिंकरलं.

शनिवारी तिने आम्हाला जेवायला बोलावलं. हॉकर सेंटरवर एक मोठं टेबल धरलं: ती, मॅडम, मी, माझा नवरा आणि मुलगी. टेबलावर ताटांना जागा उरली नाही इतकं तिने मागवलं. परीक्षकाची नक्कल तिने तीनदा करून दाखवली, आणि प्रत्येक वेळी तो आणखी घाबरट होत गेला. मॅडम सगळ्या तोंडांनी एकदम बोलत होत्या, आम्हाला इंग्रजीत, दुकानदाराला होक्किएनमध्ये. पुढच्या लेव्हलचं पुस्तक आणखी जाड आहे, हे तिने जाता जाता सांगितलं. मॅडमनी मला न विचारताच शनिवार सकाळचे आतल्या खोलीतले सगळे तास माझ्या नावावर टाकल्याचं जाहीर केलं. मी मान डोलावली, आनंदाने तोंड भरलेलं होतं, आणि खरं तर नूडल्सनीही.

बोलता बोलता मॅडमनी मान एका बाजूला वाकवली आणि कण्हल्या. ती मुलगी उठली, टेबलाच्या कडेने चाचपत त्यांच्या मागे गेली, आणि खांद्यावर दोन्ही अंगठे टेकवले. एक जागा शोधली, तिचं पूर्ण नाव मोठ्याने, एकही अक्षर न गाळता उच्चारलं, आणि दाबलं. मॅडम अशा किंचाळल्या की शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा चमचा पडला.

"आणखी थोडं," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या. "बरं वाटतंय."

तिने हात काढून घेतले.

"सोमवारपासून क्लिनिकमध्ये," ती म्हणाली. "अपॉइंटमेंट घेऊन या."